‘श्वास’नंतरची तारीख : कर्करोगाच्या फेरतपासणीतील भावनिक आधार आणि कथनाची मर्यादा

प्रास्ताविक

कर्करोगाविषयी समाजात जे बोलले जाते, लिहिले जाते व पडद्यावर दाखविले जाते, त्यात दोन प्रसंगांना प्राधान्य मिळते. पहिला प्रसंग निदानाचा आणि दुसरा शस्त्रक्रियेचा किंवा मृत्यूचा. उपचार पूर्ण झाल्यानंतर ठरावीक अंतराने होणारी फेरतपासणी हा तिसरा प्रसंग मात्र कथनाबाहेर राहतो. वस्तुतः आज अनेक रुग्णांच्या बाबतीत हाच प्रसंग सर्वाधिक काळ चालणारा आहे. शस्त्रक्रिया काही तासांत होते, किरणोपचार काही आठवड्यांत संपतात. फेरतपासण्या मात्र वर्षानुवर्षे चालतात. साधारणतः पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी, त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा असा तिचा क्रम असतो. रोगाच्या प्रकारानुसार त्यात फरक पडतो, पण पुन्हा पुन्हा जावे लागते ही गोष्ट बदलत नाही.

या काळात रुग्ण आणि त्याचे कुटुंब यांना कोणत्या भावनिक आधाराची गरज असते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच मानव्यविद्यांचाही आहे. कारण आधार बहुतांशी शब्दांतून दिला जातो आणि शब्द समाजाला त्याच्या कथांतून मिळतात. ज्या प्रसंगाची कथा नाही, त्या प्रसंगी काय बोलावे हे माणसांना सुचत नाही. प्रस्तुत लेखात ‘श्वास’ (२००४) या मराठी चित्रपटाचे या दृष्टीने परीक्षण केले आहे. कर्करोगाच्या कथनात या चित्रपटाने काय साधले, तो कोठे थांबला आणि जळगाव-धुळे परिसरातील रुग्ण-कुटुंबांच्या संदर्भात त्या थांबण्याचा अर्थ काय, असे या विवेचनाचे तीन टप्पे आहेत.

‘श्वास’पूर्वीचे कर्करोग-कथन

भारतीय चित्रपटात कर्करोग आला तो मुख्यतः मृत्यूची मुदत म्हणून. असित सेन यांचा ‘सफर’ (१९७०) आणि हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ (१९७१) ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. ‘आनंद’मधील नायक आपल्याला फार थोडे दिवस उरले आहेत हे जाणून मुंबईत येतो आणि त्या थोड्या दिवसांत सभोवतालच्या माणसांना जगण्याची गोडी लावून जातो. या कथनात एक अंतर्विरोध आहे. रुग्ण हाच इतरांचा आधार होतो. डॉक्टर भास्कर बॅनर्जी खचतो आणि रुग्ण त्याला हसवतो. प्रेक्षकाला हे हृद्य वाटते, पण रुग्णाला स्वतःला आधार लागतो ही गोष्ट त्यात झाकली जाते. शिवाय मृत्यू निश्चित असल्यामुळे अशा कथेत फेरतपासणीला जागाच उरत नाही. प्रेक्षकाला वाट पाहायची असते ती केवळ शेवटाची.

सुसान सोन्टॅग यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आजाराकडे रूपक म्हणून पाहण्याच्या वृत्तीवर कठोर टीका केली. क्षयाला एकोणिसाव्या शतकात जसे काव्यात्म वलय मिळाले, तसेच कर्करोगाला विसाव्या शतकात भीतीचे व अपराधाचे वलय मिळाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. रूपकामुळे रुग्णाच्या वाट्याला रोगापेक्षा अधिक दुःख येते, हा त्या ग्रंथाचा गाभा होय. ‘सफर’ व ‘आनंद’ यांतील कर्करोग याच अर्थाने रूपक आहे. तो देहात कमी आणि नियतीत अधिक असतो.

‘श्वास’चे यश

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ने ही परंपरा मोडली. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारित या चित्रपटाला २००३ या वर्षासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर पाच दशकांनी मराठी चित्रपटाला हा मान लाभला आणि त्याच वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची ऑस्करसाठी निवड झाली. चित्रपटाचे कथानक साधे आहे. कोकणातील एक आजोबा (अरुण नलावडे) आपल्या नातवाला, परशुरामला (अश्विन चितळे), डोळे दाखविण्यासाठी पुण्यात आणतात. डॉक्टर साने (संदीप कुलकर्णी) तपासणीअंती निदान करतात ते रेटिनोब्लास्टोमाचे, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल, असा पेच उभा राहतो.

या कथानकातील तीन गोष्टी समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, येथे रुग्ण जगणार आहे. त्यामुळे प्रश्न ‘कसे मरावे’ हा न राहता ‘कसे जगावे’ हा होतो. दुसरी, मुलाला सत्य सांगण्याचा प्रश्न चित्रपट टाळत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने ते कर्तव्य आहे, आजोबांच्या दृष्टीने अशक्य आहे आणि मुलाला न सांगताही काहीतरी कळलेले आहे. त्याची चिडचिड आणि आकांत यांतून चित्रपट हेच दाखवितो, की लपवून ठेवलेले सत्य मुलापर्यंत भीतीच्या रूपाने आधीच पोहोचलेले असते. तिसरी, भावनिक आधार ही गोष्ट येथे एका स्वतंत्र पात्राकडे सोपविली आहे. आसावरी (अमृता सुभाष) ही रुग्णालयातील वैद्यकीय समाजकार्यकर्ती आहे. ती अर्ज, पैसे, खाट यांची व्यवस्था पाहते आणि त्याच वेळी डॉक्टरांची भाषा व आजोबांची भाषा यांच्यामध्ये उभी राहते.

या तिसऱ्या गोष्टीला सामाजिक इतिहास आहे. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याच्या शिक्षणाची पदव्युत्तर संस्था सुरू झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली गेली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. म्हणजे हे पद स्वातंत्र्यपूर्व काळापासून अस्तित्वात आहे. तरीही मराठी कथनात त्या पदावरील व्यक्तीला मध्यवर्ती पात्र होण्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले. ‘श्वास’चे हे श्रेय निर्विवाद आहे.

चित्रपटाचा उत्कर्षबिंदू मात्र आसावरीच्या हाती नाही, तो आजोबांच्या हाती आहे. ठरलेली शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, तेव्हा आजोबा कोणालाही न सांगता नातवाला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात आणि शहरातील रंग, गर्दी, गंमत त्याला डोळे भरून पाहू देतात. रुग्णालयात शोधाशोध होते, डॉक्टर संतापतात. आजोबांनी नियम मोडला आहे हे खरे. पण त्या दिवशी मुलाला मिळालेला आधार दुसऱ्या कोणालाही देता आला नसता. चित्रपट येथे एक सूक्ष्म विधान करतो. व्यवस्थेचा आधार आवश्यक आहे, परंतु तो कुटुंबाच्या आधाराची जागा घेऊ शकत नाही. आणि कुटुंबाला तो देता यावा इतकी मोकळीक व्यवस्थेने ठेवली पाहिजे.

‘श्वास’ जेथे थांबतो

शेवटी परशुराम होडीतून गावी परततो. डोळ्यांवर काळा चष्मा आहे आणि काठावर घरची माणसे उभी आहेत. कलादृष्ट्या हा शेवट संयत आहे. त्यात दयेची याचना नाही. परंतु याच ठिकाणी समीक्षेने एक प्रश्न विचारला पाहिजे. या होडीतून तो पुन्हा कधी निघणार?

रेटिनोब्लास्टोमाच्या बाबतीत हा प्रश्न काल्पनिक नाही. डोळा काढल्यानंतर खोबणीची तपासणी, कृत्रिम डोळा बसविणे आणि मूल वाढेल तसा तो बदलणे यांसाठी वारंवार यावे लागते. दोन्ही डोळ्यांत हा रोग असल्यास तो बहुधा आनुवंशिक स्वरूपाचा असतो. अशा मुलांना पुढील आयुष्यात हाडांचा व अन्य प्रकारचा कर्करोग होण्याचा धोका अधिक राहतो, म्हणून त्यांच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. त्यांच्या लहान भावंडांचे डोळे तपासून घ्यावे लागतात. मोठेपणी त्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे फेरतपासणी एकट्या परशुरामची नसते; त्याचे घरही तपासणीच्या कक्षेत येते. आजवर सोबत करणारे कुटुंब स्वतःच तपासले जाऊ लागते, तेव्हा आधार देणारा कोण आणि घेणारा कोण ही विभागणी कोलमडते. चित्रपटाने जेथे पडदा पाडला, तेथून कुटुंबाची खरी दीर्घ कसोटी सुरू होते.

ही त्रुटी केवळ ‘श्वास’ची नाही, ती कथानक या रचनेचीच मर्यादा आहे. आर्थर फ्रँक या समाजशास्त्रज्ञाने १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आजाराच्या कथनाचे तीन प्रकार सांगितले : पूर्ववत बरे होण्याचे कथन, विस्कटलेपणाचे कथन आणि शोधाचे कथन. पहिल्या प्रकारात माणूस निरोगी होता, आजारी पडला आणि पुन्हा निरोगी होईल, असा क्रम असतो. समाजाला हाच प्रकार आवडतो. फ्रँक स्वतः कर्करोगातून गेले होते आणि त्यांनी एका वेगळ्या समूहाकडे लक्ष वेधले. हे लोक जवळजवळ बरे आहेत, कामधंदा करतात, लग्नकार्यांना जातात. पण ‘पूर्ण बरे’ असे त्यांना कोणीही म्हणू शकत नाही. निरोगी आणि रोगी यांच्या सीमेवर राहणारी ही वस्ती फेरतपासणीच्या तारखांनी बांधलेली असते.

फिट्झह्यू मलन या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःला झालेल्या कर्करोगाच्या अनुभवावर १९८५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ‘जगण्याचे ऋतू’ अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. निदान-उपचाराचा तीव्र काळ, उपचारानंतरचा लांबलेला काळ आणि स्थिरतेचा काळ असे तीन ऋतू त्यांनी मानले. त्यांतील मधला ऋतू सावध प्रतीक्षेचा आहे. उपचार थांबलेले असतात, म्हणून रुग्णालयाचा रोजचा आधारही थांबतो. देह थकलेला असतो आणि आजार उलटेल की काय ही भीती मात्र ताजी असते. विरोधाभास असा, की उपचार चालू असताना माणसाला जितके सुरक्षित वाटते तितके उपचार संपल्यावर वाटत नाही. नातेवाईक मात्र याच वेळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात. आधार सर्वांत कमी असतो तो नेमका या ऋतूत.

आधार आणि झाकणे

फेरतपासणीच्या प्रसंगाचे जगाच्या साहित्यात एक ठळक चित्रण आढळते. ऑड्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकी कवयित्रीची १९७८ साली स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि १९८० साली तिची कर्करोगाविषयीची टिपणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी ती डॉक्टरांकडे तपासणीला गेली, तेव्हा तिने कृत्रिम स्तन लावलेला नव्हता. तेथील परिचारिकेने तिला तो लावून येण्यास सुचविले; न लावल्यास तेथे येणाऱ्या इतरांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. परिचारिकेचा हेतू दुष्ट नव्हता. तिच्या समजुतीप्रमाणे ती आधारच देत होती. परंतु लॉर्डला त्यात दिसले ते वेगळेच : रुग्णाने आपले दुःख झाकावे म्हणजे इतरांना बरे वाटेल, ही अपेक्षा.

या प्रसंगाने भावनिक आधाराची एक कसोटी मिळते. आधार रुग्णासाठी आहे की पाहणाऱ्याच्या अस्वस्थतेवरचा तो उपाय आहे? ‘काही होत नाही, तुम्ही चांगले विचार करा’ हे वाक्य घराघरांत सद्‌भावनेने उच्चारले जाते. त्याचा परिणाम मात्र बहुधा असा होतो, की रुग्ण आपली भीती बोलून दाखविणे बंद करतो. भीती संपत नाही, फक्त तिचा आवाज संपतो. ‘श्वास’मधील आजोबा या कसोटीला उतरतात, कारण ते मुलाला ‘काही होणार नाही’ असे सांगत नाहीत. जे होणार आहे त्याच्या आधी त्याला जे देता येईल ते देतात.

खान्देशातील तारीख

‘श्वास’मधील आजोबा कोकणातून पुण्यात येतात. खान्देशातील कुटुंबांचा असाच प्रवास दीर्घकाळ मुंबईकडे होत आला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ ची. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गेल्या शतकाच्या नवव्या दशकाअखेर सुरू झाले आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ पासून आहे. त्यामुळे अनेक उपचार जवळ आले. तथापि ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली, त्याला फेरतपासणीसाठी पुन्हा तेथेच जावेसे वाटते किंवा जावे लागते. जळगावाहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. धुळ्याहून आग्रा रस्त्याने एस.टी. किंवा चाळीसगावला जाऊन मुख्य मार्गावरची गाडी, असे पर्याय आहेत. यावल, रावेर किंवा शिरपूरच्या सातपुड्याकडील पाड्यांवरून येणाऱ्यांना त्याआधी तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते.

भारतीय रेल्वेच्या सवलतीच्या नियमात उपचार वा नियतकालिक तपासणीसाठी प्रवास करणारा कर्करुग्ण आणि त्याच्या सोबतची एक व्यक्ती अशा दोघांचा विचार केलेला आहे. साहित्याला आणि चित्रपटाला जे दिसले नाही ते रेल्वेच्या नियमाला दिसले, असे म्हणता येईल : फेरतपासणी हा स्वतंत्र प्रवास आहे आणि तो एकट्याने होत नाही. प्रश्न एवढाच, की सोबतच्या त्या एका व्यक्तीचे काय? बहुधा ती पत्नी, मुलगा किंवा सून असते. तिला रोजगार बुडवून यावे लागते. केळी किंवा कापसाच्या हंगामात तारीख आली, तर घरात आधी हिशेब होतो आणि मग निर्णय. रात्रीच्या गाडीत रुग्ण झोपल्याचे सोंग घेतो, ती जागी नसल्याचे. सकाळी केसपेपर, रक्त, फोटो, रांग आणि अखेरीस काही मिनिटांची भेट. डॉक्टरांच्या ‘ठीक आहे, तीन महिन्यांनी या’ या वाक्यासाठी केवढा तरी प्रवास झालेला असतो. त्या वाक्याने आनंद होतो आणि त्याच वाक्यात पुढची धाकधूकही दिलेली असते.

या अनुभवासाठी इंग्रजीत अलीकडे एक जोडशब्द रूढ झाला आहे. ब्रूस फाइलर या लेखकाने २०११ साली एका साप्ताहिकातील लेखात तपासणीपूर्वीच्या चिंतेसाठी ‘स्कॅन्झायटी’ हा शब्द वापरला. मराठीला मात्र नवा शब्द घडविण्याची गरज नाही. ‘जीव टांगणीला लागणे’ या वाक्प्रचारात तो अनुभव संपूर्ण सामावला आहे. टांगलेली वस्तू पडलेलीही नसते आणि ठेवलेलीही नसते. घोर, घालमेल, धास्ती, हुरहुर या शब्दांतही छटांचा बारकावा आहे. शब्दसंपत्ती आहे, तिचा उपयोग कोठे करावा याचे भान नाही. रुग्णालयाच्या कागदावर रोगाची अवस्था असते, गाठीचे माप असते. घोराची नोंद कोठे करावी यासाठी रकाना नसतो. पाश्चात्त्य देशांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून रुग्णाला शून्य ते दहा अशा मापकावर आपला मानसिक त्रास दाखवावयास सांगण्याची पद्धत आली. तेथे मानसोपचाराशी जोडलेली संज्ञा टाळून ‘त्रास’ या अर्थाचा साधा शब्द मुद्दाम निवडला गेला, कारण त्यात रुग्णाला कमीपणा वाटत नाही. त्याच न्यायाने ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘जिवाला घोर लागला आहे का’ हा प्रश्न खान्देशातील वृद्ध रुग्णाला अधिक कळेल आणि त्याचे उत्तर तो देईल.

‘तारीख’ या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. फेरतपासणीच्या दिवसाला रुग्ण ‘तारीख’ म्हणतात. हाच शब्द शेतकरी कुटुंबाला न्यायालयामुळे परिचित आहे. तारखेला जावे लागते, निकाल लागत नाही आणि पुढची तारीख मिळते, असा त्याचा अनुभव. फेरतपासणीला तोच शब्द लागू होतो, तेव्हा रुग्णाच्या मनात नकळत आरोपीची भूमिका येते. ‘काही निघाले का?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्नही चौकशीचाच असतो. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात ही अपराधभावना अधिक तीव्र होते. मशेरी किंवा गुटख्याची सवय सुटलेली असली तरी प्रत्येक तारखेला ती नव्याने उगाळली जाते. सोन्टॅग यांनी दाखविलेले रूपकाचे ओझे असे दैनंदिन भाषेत उतरते.

आणखी एक बाब कुटुंबाच्या दृष्टीने निर्णायक आहे. अनेक घरांत रुग्णाला रोगाचे नाव सांगितले जात नाही. ‘गाठ होती, काढली’ एवढेच सांगितले जाते. ही लपवाछपवी प्रेमापोटी असते. शस्त्रक्रियेपर्यंत ती टिकते. परंतु पाच वर्षांच्या तारखांपुढे ती टिकू शकत नाही. गाठ काढली असेल तर पुन्हा पुन्हा का जायचे, या प्रश्नाला घरात उत्तर नसते. मग रुग्ण तारखा टाळू लागतो, किंवा सर्व जाणून न जाणल्यासारखे करतो, आणि दोन्ही बाजूंना एकटेपणा येतो. ‘श्वास’ने मुलाला सत्य सांगण्याचा जो आग्रह मांडला, त्याचे खरे समर्थन येथे आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षाही सत्याची गरज असते ती पुढील प्रत्येक तारखेला.

आवर्तनाला साजेसा आकृतिबंध

फेरतपासणीचा काळ कथानकात बसत नाही, कारण त्याला चढता आलेख नाही. तो आवर्तनाचा काळ आहे. मग त्याला साजेसा आकृतिबंध मराठीत आहे काय? खान्देशच्या परिसरात याचे उत्तर शोधता येते. आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना तिसाव्या वर्षी वैधव्य आले. त्यांची रचना जाते, शेत, चूल अशा रोज परतून येणाऱ्या कामांच्या सोबतीने झाली. जात्यावरची ओवी दुःखाचा शेवट करीत नाही. दुसऱ्या पहाटे पुन्हा म्हणावी लागते हे तिला मान्य असते. समोर दुसरी बाई खुंटा धरून बसलेली असते आणि ऐकते, हा त्यातील आधार.

दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातील. १९३२ साली विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढील वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या या लेखकाने त्या पुस्तकाची विभागणी प्रकरणांत न करता ‘रात्रीं’त केली आहे. रोज रात्री तेच श्रोते जमतात, एक जण थोडे सांगतो आणि पुढचे उद्यावर राहते. ही उदाहरणे कर्करोगाची नाहीत, परंतु त्यांत एक तत्त्व आहे. ठरलेल्या वेळी पुन्हा येणारा श्रोता हा स्वतःच आधार असतो. फेरतपासणीत तारीख ठरलेली असते, यंत्र ठरलेले असते, फक्त श्रोता ठरलेला नसतो. दर वेळी नवा डॉक्टर, नवी खिडकी आणि रुग्णाची तीच कहाणी पहिल्यापासून.

आसावरीच्या पात्राकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले, तर तिचे महत्त्व आणि तिची अपूर्णता दोन्ही स्पष्ट होतात. ती एका शस्त्रक्रियेपुरती भेटते. परशुरामच्या तिसऱ्या वा दहाव्या तारखेला ती तेथे असेल काय, हे चित्रपट सांगत नाही. तिच्या सहृदयतेत उणीव नाही, तिच्या पुनर्भेटीची तरतूद नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. ‘श्वास’ने कर्करोगाच्या मराठी कथनाला मृत्यूच्या मुदतीतून सोडविले आणि भावनिक आधार हा कथेचा विषय केला, हे त्याचे स्थायी महत्त्व आहे. रुग्ण जगतो हे एकदा मान्य केल्यावर तो कसा तपासला जातो हा प्रश्न अपरिहार्य होतो. तो प्रश्न चित्रपटाने पुढील कथनासाठी सोडला आणि दोन दशकांनंतरही त्याची मांडणी आवर्जून होताना दिसत नाही. आधाराची कसोटी रुग्णाला गप्प बसविणे ही नसून त्याला बोलते ठेवणे ही आहे. आणि आवर्तनाच्या काळात आधार म्हणजे मोठा प्रसंग नव्हे, तर तोच माणूस पुन्हा भेटणे होय.

खान्देशातील महाविद्यालयांना या बाबतीत वाव आहे. भाषा विभागांनी फेरतपासणीला जाणाऱ्या कुटुंबांची कथने, त्यांच्या संमतीने आणि नावे न प्रकट करता, त्यांच्याच अहिराणी, लेवा वा पावरा बोलीत टिपून ठेवली, तर आज रिकाम्या असलेल्या जागेत शब्द येतील. समाजकार्य व मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका कुटुंबाला एकदा भेटण्याऐवजी तारखेच्या आधी आणि नंतर अशी वर्षभर भेट दिली, तर त्यांच्या शिक्षणालाही अर्थ येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

‘श्वास’मधील आजोबांनी नातवाला एक दिवस दिला आणि तो दिवस मराठी चित्रपटाच्या इतिहासात कायम झाला. तसा दिवस आयुष्यात एकदाच येतो. तीन महिन्यांनी येणारी तारीख मात्र पुन्हा येते आणि त्या दिवशी जळगावच्या फलाटावर उभ्या असलेल्या दोघांपैकी कोणालाही आपण आधार देणारे आहोत की घेणारे, हे सांगता येत नाही. मराठी कथनाने यापुढे त्या फलाटापर्यंत जाणे आवश्यक आहे.